बांधावरची सात घरं

फार पूर्वी खाडीच्या काठी एक गाव होतं. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मधे मातीचा एक लांबलचक बांध. बांध होता म्हणून गाव होतं. पण ही गोष्ट गावाला रोज आठवत नसे. आपल्याला तरी कुठे आठवते?

त्या बांधावर राखणदारांची सात घरं होती. काम म्हणाल तर एवढंच, सकाळ-संध्याकाळ बांधावरून अनवाणी चालायचं. खेकडे बांधाला आतून भोकं पाडतात आणि वरून काही दिसत नाही. पण तिथली माती तळपायाला गार लागते. गार लागलं की खणायचं, पेंढा आणि चिकणमाती ठासून भोक बुजवायचं, आणि पुढे चालायचं.

गावच्या खोताला माडीवरून फक्त चालणारी माणसं दिसायची.

"फेऱ्या मारायला सात घरं पोसतोय मी!" तो म्हणाला. "त्यापेक्षा वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस बाहेरचे मजूर आणीन. माती टाकतील आणि जातील."

सर्वांत म्हातारा राखणदार हात जोडून म्हणाला, "आणा की, धनी. माणसं लागतातच. पण आमच्यातली दोन घरं तरी राहू द्या. येईल त्याला आम्ही शिकवू. बांध डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतो."

"मला पायांनी विचार करायची सवय नाही," खोत म्हणाला, आणि माडीवरची माणसं खो खो हसली. गरज सरो, वैद्य मरो. पावसाळ्याआधी सातही घरं उठली. म्हातारा जाताना बांधावरूनच गेला, अनवाणी. वाटेत एका जागी थांबून त्याने शेवटचं भोक बुजवलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मजूर आले. मुकादमाने दाखवलं तिथे त्यांनी माती टाकली आणि आठव्या दिवशी ते गेले. पुढच्या खेपेला दुसरेच आले. बांध उंच झाला, रुंद झाला, देखणा दिसू लागला. खोत पाहुण्यांना मुद्दाम तो दाखवायला नेई.

तिसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, एका मजुराची वहाण चिखलात रुतून तुटली. तो अनवाणी चालू लागला आणि तिवरांच्या झुडपापाशी थबकला. कामधाम सोडून तो खोताकडे गेला.

"धनी, तिवरांपाशी पायाला फार गार लागतंय. आतून पाणी येत असावं."

"तुला माती टाकायला आणलंय की पायांची चौकशी करायला? सांगितलं तेवढं कर."

मजुराने मान खाली घातली आणि सांगितलं तेवढं केलं. दुसऱ्या दिवशी त्याचे आठ दिवस भरले. त्याच्या जागी आलेल्यांना कोणी काही सांगितलं नाही, कारण सांगायला तिथे कोणी उरतच नव्हतं. त्या मजुराला मी तरी बोल लावणार नाही.

भाद्रपदातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. भात पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात होतं आणि शेतात बायका तण काढत होत्या. तिवरांपाशी बांधातून आधी बोटभर धार आली, मग हातभर, आणि मग तो उंच देखणा बांध तिथेच बसला.

"राखणदारांना बोलवा!" खोत ओरडत सुटला. पण म्हातारा लेकीच्या गावी कधीच वारला होता. बाकीचे दुसऱ्या खाडीवर, दुसऱ्याच्या बांधावर चालत होते. मजुरांना बोलवावं, तर त्यांतल्या एकाचंही नाव खोताला ठाऊक नव्हतं.

पाणी शेतं ओलांडून घरांत शिरलं. शेतातल्या दोन बायका परत आल्या नाहीत. त्यांतली एक खोताची सून होती, तोंडावर पदर घेऊन सकाळीच हसत गेलेली.

ओहोटी लागली, पण मीठ मातीत राहिलं. त्या जमिनीत पुढे वर्षानुवर्षं गवताची काडी उगवली नाही. गाव पांगलं आणि माडी ओस पडली.

पुढे एका लांबच्या खाडीवर मजुरांच्या रांगेत एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहिला. एके काळी तो माडीवरून बांधाकडे बघायचा.

"आठ दिवस," मुकादम म्हणाला. नाव त्याने विचारलं नाही.

त्या माणसाने मातीची पाटी डोक्यावर घेतली. त्याच्या पायात वहाणा नव्हत्या. बांधाच्या मध्यावर तो अचानक थांबला. तळपायाला गार लागत होतं.

"मुकादम," तो म्हणाला, "इथे खाली भोक आहे. माझं ऐका हो."

"माती टाक," मुकादम म्हणाला. "सांगितलं तेवढं कर."

तात्पर्य: ज्याचं आज ऐकायचं नाही आणि ज्याला उद्या ठेवायचं नाही, त्याच्या भरवशावर समुद्र अडवू नये.