अकरा पावलांचं वळण

आमचं बोरवट आणि शेजारचं कळमाळ, या दोन गावांची दफनभूमी एकच आहे. ती फक्त दोन हात रुंद आहे. लांबी मात्र ओढ्यापासून टेकडीवरच्या कडुलिंबापर्यंत, म्हणजे चालत पाव तास. एका बाजूला आमची ज्वारी, दुसऱ्या बाजूला त्यांची, आणि मधून एकामागे एक निजलेली माणसं. प्रत्येकाच्या डोक्याशी ओढ्यातला एकेक गोटा. नाव कुणाच्याच गोट्यावर नाही. सकाळी धुकं असलं की ज्वारी दिसत नाही, नुसती ही गोट्यांची रांग दिसते, आणि ती कुठंतरी चालली आहे असं वाटतं.

रांग सरळ जाते आणि मध्यावर एकदम कोपरासारखी वाकते. सडकेवरून जाणारे लोक गाडी थांबवून विचारतात, की इथं का वाकली? तेव्हा आमचे सोनबा आजा सांगतात. खड्डे खणायचं काम त्यांच्या घराण्याकडं आहे. ते सांगतात तसंच मी लिहितो.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा ही रेघ नव्हती. दोन्ही गावांच्या मधली काळी जमीन कुणाची, यावरून तीन वर्षं भांडण चाललं होतं. नांगर घालायला कुणी गेला की दुसऱ्या गावाचे लोक काठ्या घेऊन यायचे. शेवटी दोन्ही गावांनी ठरवलं, की येसनाक वेसकराला हद्द चालायला सांगायची. वेसकर म्हणजे गावाची वेस राखणारा. त्याचं घर वेशीबाहेर असे, त्याच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. पण हद्द कुठं आहे हे त्यानंच सांगायचं आणि त्याचं म्हणणं सगळ्यांनी मानायचं, अशी तेव्हाची रीत होती.

चालायचे नेम कडक होते. डोक्यावर दोन्ही गावांच्या मातीनं भरलेलं मडकं. पाय अनवाणी. ओढ्यापासून लिंबापर्यंत थांबायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. त्यानंतर पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, आणि तोवर त्या जमिनीवर कुणी पाऊल टाकायचं नाही. पंधरा दिवस तो जगला तर हद्द खरी. त्याआधी गेला तर तो खोटं चालला.

येसनाक म्हातारा होता. त्याची लेक भागू त्याला म्हणाली, "बाबा, या उन्हात कशापायी? दुसरं कुणी चालंल की."

तो म्हणाला, "दुसरं कुणी चाललं तर उद्या काठ्या निघतील. माझ्यावर दोन्ही गावांचा इस्वास हाय."

वैशाखाचा महिना होता. आदल्या दिवशी वळवाची सर येऊन गेली होती. वरची माती मऊ झाली होती आणि उन्हानं जमिनीतून वाफ निघत होती. दोन्ही गावं आपापल्या बाजूला उभी होती. असं सांगतात, की त्या वाफेत येसनाकाचे पाय दिसत नव्हते. कमरेपासून वरचा माणूस आणि त्याच्या डोक्यावरचं मडकं, एवढंच पाण्यावर तरंगल्यासारखं हळूहळू पुढं जात होतं. एक टिटवी वर ओरडत फिरत होती.

मध्यावर तो वाकला. लिंबाकडं जाणारा माणूस कळमाळच्या बाजूला वळला, अकरा पावलं गेला, आणि तिथून पुन्हा लिंबाकडं तोंड करून चालू लागला. थांबला मात्र नाही.

"वाकला! वाकला!" कळमाळचे भानजी पाटील ओरडले. "बोरवटची भाकरी पोटात बोलायली बघा!"

बोरवटचे लोक हसले. "पाटील, पोटात काय हाय ते त्याला पंधरा दिसांनी इचारा."

येसनाकानं लिंबाखाली मडकं उतरवलं आणि घरी जाऊन पडला. डोक्याला ऊन लागलं होतं. दुसऱ्या दिवशी ताप चढला. भागू ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसायची आणि दारावरच्या कोळशाच्या रेघा मोजायची. पंधरा रेघा झाल्या की बाबा बोलणार होते.

दहाव्या दिवशी भानजी पाटील दारापर्यंत आले. आत येणार नव्हतेच. बाहेरूनच म्हणाले, "येसनाका, एवढंच म्हण, की पाय चुकला. बोललास की नेम मोडला. मग तू गेलास तरी खोटा ठरणार न्हाईस, पुन्हा दुसरा माणूस चालंल."

येसनाकानं त्यांच्याकडं बघितलं. भागू सांगायची, की तो हसला. बोलला नाही.

चौदाव्या दिवशी दुपारी तो गेला.

मग दोन्ही गावं एक झाली म्हणे. कळमाळ म्हणालं, खोटा माणूस, आमच्या मातीत नको. बोरवटला आता हद्द गेल्याचा राग, तेही म्हणालं, आमच्या मातीत नको. भागूनं भावकीतले चार जण घेतले, बाबाला उचललं आणि तीच वाट धरली जी तो चालला होता.

"कुठं नेतीस?" लोकांनी विचारलं.

"जी कुणाचीच न्हाई त्या मातीत."

दोन्ही गावं मागं निघाली. भानजी पाटील सर्वांत पुढं, हातात काठी. वळवानंतर पाऊस नव्हता, त्यामुळं येसनाकाची पावलं भाजलेल्या मडक्यासारखी मातीत घट्ट उमटून राहिली होती. भागू त्या पावलांच्या शेजारून चालत होती. जिथं तो वाकला होता, तिथं पोचल्यावर चौघांनी त्याला खाली ठेवलं आणि एकानं कुदळ उचलली.

तेवढ्यात टिटवी आली. ती थेट भानजी पाटलांच्या पागोट्यावर झेपावली आणि पागोटं खाली पडलं. पाटील ते उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

त्यांच्या हाताजवळ चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, भोवती बारीक खडे. अंड्यांच्या अलीकडं वीतभर अंतरावर येसनाकाच्या उजव्या पायाचं पाऊल होतं. टाच उमटलेली नव्हती, फक्त बोटं, खोल रुतलेली. सगळा भार त्यानं बोटांवर घेतला होता. पुढचं पाऊल बाजूला पडलं होतं. तिथून अकरा पावलं, म्हणजे टिटवी जिथवर अंगावर येते तिथवर.

पाटील हळूच म्हणाले, "सांगितलं असतंस तर रं."

भागू म्हणाली, "सांगितलं असतं तर खोटा ठरला नसता. पर रेघ मोडली असती, तुमच्या काठ्या निघाल्या असत्या आन् ही अंडी पायाखाली गेली असती. पाटील, माझा बा खोटं चालला न्हाई. ज्याचं घर आधीपासून हितं हाय, त्याला वळसा घातला. आता तेवढी जमीन कुणाच्या वाट्यातनं जाती, ते तुमी बघा."

पाटलांनी पागोटं उचललं, झटकलं, पण डोक्यावर घातलं नाही. "आमच्या वाट्यातनं जाऊ दे," ते म्हणाले.

मग येसनाकाला अकरा पावलं पलीकडं, वळणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं ठरलं. कुदळ मारण्याआधी भागू गुडघ्यांवर बसली, तळहातानं माती चाचपली आणि विचारलं, "कुणी बसलंय का?" ती उत्तराची वाट बघत राहिली. सगळे वाट बघत राहिले. वारासुद्धा पडला होता, असं सांगतात. टिटवी ओरडली नाही, तेव्हा खणलं.

दोन्ही गावांनी त्याच्या पावलांच्या आपापल्या बाजूला एकेक हात जमीन सोडली. त्या पट्ट्यात कुणी नांगर घालेना. पुढच्या माघात भानजी पाटलांची आई गेली. जाताना ती म्हणाली होती, की मला त्या न बोलणाऱ्याच्या पायाशी ठेवा. वेशीबाहेरच्या माणसाच्या पायाशी पाटलाची आई, म्हणून भावकीत पुष्कळ कुजबुज झाली. पाटलांनी कुणाचं ऐकलं नाही. तिथून दोन्हीकडं रांग सुरू झाली. कोण कुणाच्या शेजारी, हे मग कुणी बघितलं नाही, कारण जागा एकाच माणसाच्या रुंदीची होती आणि जो येईल त्याला पुढचीच मिळत होती.

आजही आमच्याकडं खणण्याआधी मातीला हात लावून विचारतात, "कुणी बसलंय का?" आणि थांबतात. गेल्या उन्हाळ्यात सोनबा आजांच्या बायकोला, आमच्या आजीला, नेलं तेव्हा टिटवी ओरडली. दोन्ही गावचे दीडदोनशे लोक उन्हात अकरा पावलं पुढं सरकले आणि तिला तिथं ठेवलं. मधली जागा अजून मोकळी आहे.

पाहुणे विचारतात, ती कुणासाठी ठेवली? आजा टेकडीवरच्या लिंबाकडं बघतात.

"पिलं उडून गेली," ते म्हणतात. "आता तिथं मलाच ठेवायचं. पर इचारून."