पाणमांजरबाईंचा सत्कार

फार जुनी गोष्ट, पण सभा तेव्हाही अशाच व्हायच्या. रानाचा पुढारी गवा. वाळू मऊ आहे म्हणून त्याने सशांची वसाहत थेट नदीपात्रात वसवायचं ठरवलं. नदीच्या जाणकार म्हणून पाणमांजरबाईंना सल्ल्यासाठी बोलावलं. "इथे पूर येतो," एवढं त्या म्हणतात तोच टाळ्या पडल्या. हार, शाल, नारळ देऊन त्यांना वेळेअभावी खाली बसवलं.

पावसाळ्यात वसाहत बुडाली. बाईंनी सशांची पिल्लं तोंडात धरून टेकडीवर आणली. सगळी नाही आणता आली.

गवा गहिवरला. "बाईंचा अंदाज अचूक ठरला! पुन्हा सत्कार करू."

"सत्कार गेला खड्ड्यात! उरलेली पिल्लं कुठे ठेवणार?"

"पाणी ओसरलं की तिथेच. अरे, हार आणा लवकर, बाई चिडल्यात."