कोयरीचं टोपडं

“मग चुकलं कुठं, ते तरी सांगा, आक्का!”

वृषालीचा आवाज चढला होता, पण बाळाच्या भोकाडापुढे तो कुणाला ऐकूच गेला नाही.

बारशाच्या बायकांनी घर भरलं होतं. पाळणा सजला होता. गोदाक्कांच्या पणतवाचं नाव नुकतंच विश्वंभर ठेवलं होतं, आणि एवढ्या थोरल्या नावाचा तो एवढासा जीव लालबुंद होऊन, मुठी आवळून घर डोक्यावर घेत होता.

त्याच्या डोक्यावर वृषालीनं आणलेलं टोपडं होतं.

त्याच्या आईनं, तेजलनं, टोपडं काढलं. बाळ गप्प.

पुन्हा घातलं. पुन्हा भोकाड.

बायका खो खो हसल्या. वृषालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गोदाक्का हेंद्रे म्हणजे विट्यातल्या भरतकामाच्या आक्का. गावातल्या कितीतरी पोरींनी त्यांच्या पडवीत बसूनच पहिल्यांदा सुई धरली. वृषाली पतंगे त्या सगळ्यांत हुशार. असं आक्का म्हणायच्या, आणि वृषालीलाही त्यात काही शंका नव्हती.

पुढं तिनं बाजारपेठेत गाळा घेतला आणि भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन टाकलं. शाळांच्या टोप्या, क्रिकेटच्या पोरांच्या टोप्या, गणपती मंडळांच्या टोप्या... मशीन दणक्यात चाललं. पण तिचा जीव अडकला होता तो आक्कांच्या ट्रंकेत. तिथं आक्कांचे नक्षीचे कागद होते. टाचणीनं भोकं पाडलेले. कापडावर ठेवून वरून निळीचा बोळा फिरवला की वेल खाली उतरायची. त्या सगळ्या वेली मशीनमध्ये उतरवायच्या, असं वृषालीनं मनाशी धरलं होतं.

आक्का नाही म्हणाल्या नव्हत्या. कोयऱ्यांच्या वेलीचा एक कागद त्यांनी काढून दिला.

“पणतवाला एक टोपडं करून आण. त्याला मानवलं, तर बाकीचे सगळे ने.”

एवढंच.

वृषालीनं कागदाचा फोटो काढला. पडद्यावर रेघ न् रेघ गिरवली. सुई आधी कुठं जाईल, मग कुठं वळेल, टाका कुठं लांब, कुठं आखूड, सगळं मशीनला नीट सांगितलं. आक्कांनी जिथं नुसती रेघ ठेवली होती, तिथंही तिनं भरगच्च भरून घेतलं. मशीन काही दमत नाही, मग हात आखडता का घ्यायचा?

टोपडं झालं मोठं देखणं. बारशाला आलेल्या बायकांच्या हातांतून ते खाली उतरत नव्हतं. आणि बाळानं मात्र त्याचा निकाल दोन श्वासांत लावला होता.

“बारा दिवसांचं पोर ते,” वृषाली म्हणाली. “त्याला नक्षीतलं काय कळतं?”

“काही नाही,” आक्का म्हणाल्या. “म्हणून तर त्याला विचारलं.”

त्यांनी टोपडं हातात घेतलं. उलटं केलं. आत दोऱ्यांच्या गाठी होत्या, मशीनवर कापड ताठ राहावं म्हणून लावलेला खरखरीत कागद होता. आक्कांनी ती बाजू वृषालीच्या गालावरून हलकेच फिरवली.

वृषालीनं झटकन गाल मागं घेतला.

“ही सुलटी बाजू,” आक्का म्हणाल्या.

“सुलटी? आक्का, ही तर उलटी बाजू आहे!”

“कुणाची?”

घुगऱ्याही न घेता वृषाली घरी निघून गेली.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. तेच टोपडं, पण आता आतून मऊ मलमलीचं अस्तर. गाठी दिसायची सोय नाही, कागद लागायची सोय नाही.

तेजलनं टोपडं घातलं. बाळ रडलं नाही.

वृषालीनं आक्कांकडं पाहिलं. आक्का बाळाकडं पाहत होत्या.

थोड्या वेळानं बाळ चुळबुळायला लागलं. मग कुरकुरायला. टोपडं काढलं, तर डोकं घामानं निथळत होतं. इवल्याशा कपाळावर जाड वेलीचा लालसर वळ उठला होता.

आक्कांनी पदरानं ते कपाळ टिपलं. टोपडं घडी करून वृषालीच्या हातात परत दिलं.

ते वृषालीला झोंबलं.

“सरळ सांगा ना आक्का, मशीनचं काम तुम्हाला पसंतच नाही! हातानं केलेलं तेवढं खरं, बाकी सगळं खोटं. पोराला कशाला मध्ये घालता?”

आक्कांनी डोळे मोठे केले.

“मशीन? अगं, मी ते अजून बघितलंय कुठं? दाखव की!”

आणि त्या खरोखरच उठल्या. चपला घातल्या, काठी घेतली, आणि भर बाजारातून वृषालीच्या पुढं चालायला लागल्या.

गाळ्यात वृषालीनं त्यांना स्टुलावर बसवलं. गोल फ्रेमवर एका शाळेची टोपी चढवली आणि मशीन सुरू केलं. सुई अशी धावली की दिसेना. टोपी आपली आपण डावीकडं वळली, उजवीकडं वळली, आणि बघता बघता तिच्यावर उगवता सूर्य आला.

“बाई बाई बाई!” आक्कांनी टाळ्या वाजवल्या. “हिला जेवायला काय घालतेस?”

“तेल. थेंबभर.”

“एवढ्यावर भागतं? आणि मी आयुष्यभर भाकऱ्या खाऊन याच्या निम्म्यानंही काम केलं नाही!”

वृषालीला राग धरून ठेवायचा होता, पण हसू आलं.

“आणखी एक लाव,” आक्का म्हणाल्या. मग आणखी एक. जत्रेतल्या पाळण्यापुढं पोर उभं राहावं तशा त्या मशीनपुढं रमल्या होत्या. रंगीत दोरा आपोआप बदलला की मान डोलवत. शेजारच्या दुकानदारालाही त्यांनी हाक मारून बोलावलं. “या या, आमच्या वृषालीचं मशीन बघा!”

निघताना दारात थबकल्या.

“वृषाली, हिला थांब म्हणता येतं का गं?”

“येतं की. हे बटण दाबायचं.”

“ते कोण दाबतं?”

“मीच.”

“हं...”

आणि काठी टेकत टेकत, हसत त्या घरी गेल्या.

वृषालीनं आत जाऊन ते बटण दाबलं.

मग तिनं पडद्यावर कोयऱ्यांची वेल काढली. स्वतःच्या मनानं घातलेलं सगळं भरण पुसून टाकलं. मशीनवर एक टोपडं काढलं, उलटं केलं, आपल्या गालावरून फिरवलं.

टोचलं.

एकावर एक पडणारे टाके काढून टाकले. पुन्हा गाल.

टोचलं, पण कमी.

वेल एका कानापासून सुरू केली की कपाळापाशी कापड गोळा होत होतं. तिनं ती कपाळाच्या मध्यातून सुरू केली, आणि दोन्ही कानांकडं सोडत नेली. कापड शांत पडलं. खरखरीत कागद सोडून दिला आणि धुतल्यावर विरघळून जाणारा पातळ कागद आणला. दोन कोयऱ्यांना जोडणारा दोरा आतून लोंबत होता. मग कोयऱ्याच अशा लावल्या, की एकीचं शेपूट जिथं संपतं तिथं दुसरीचं पोट सुरू व्हावं. जोडायला दोरा लागेना आणि गाठही लागेना.

गंमत म्हणजे, ती जसजशी टाके कमी करत गेली तसतशी कोयरी खुलत गेली. आक्कांच्या कागदावर होती तशी हलकी, लवलवती. वृषालीला त्याचं इतकं कौतुक वाटलं, की गिऱ्हाइकांची कामं उरकून ती रोज त्या एका टोपड्यापाशी येऊन बसायला लागली. कामाचं तिला पहिल्यासारखं वेड लागलं, पडवीत बसायची तेव्हासारखं.

“गालाला काय झालं गं?” तिचा घासून लाल झालेला गाल बघून नवऱ्यानं विचारलं.

“काम झालं,” ती म्हणाली.

थंडी पडली तेव्हा ती टोपडं घेऊन आक्कांकडं गेली. विश्वंभर आता पालथा पडायला लागला होता, हाताला येईल ते ओढत होता. तेजलनं त्याला मांडीवर घेऊन टोपडं घातलं.

बाळ गप्प. डोळे इकडं, डोळे तिकडं.

मग त्यानं हात वर नेला, टोपड्याचा काठ मुठीत धरला, आणि ओढून काढलं.

वृषालीनं ते परत घ्यायला हात पुढं केला.

बाळानं टोपडं तोंडात घातलं. उलटी बाजू आत, सुलटी बाहेर, पुन्हा उलटी... हिरड्यांनी, ओठांनी, जिभेनं त्यानं कोयऱ्यांची वेल चोखायला सुरुवात केली. लाळेच्या धारा लागल्या. डोळे मिटून, पाय झाडत, कैरीची फोड मिळाल्यासारखा तो रंगला.

“अरे, अरे, मावशीनं एवढ्या कष्टानं केलेलं...” तेजलनं कानकोंडी होऊन टोपडं काढून घेतलं.

बाळानं घर डोक्यावर घेतलं.

तिनं टोपडं परत दिलं. बाळ गप्प.

वृषाली हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेजलही हसली. आक्कांचं बोळकं उघडलं ते मिटेना.

हसू आवरल्यावर आक्का उठल्या. ट्रंक उघडली. कागदांची अख्खी गुंडाळी त्यांनी वृषालीच्या ओटीत घातली. निळीचा वास घरभर पसरला.

वृषालीनं त्यांचे पाय धरले.

“आक्का, एक करते. या वेली जिथं जिथं जातील, त्या प्रत्येक टोपड्यावर तुमचं नाव घालते. लोकांना कळलं पाहिजे, वेल कुणाची ते.”

“कुठं घालशील?”

“आतल्या बाजूला. कुणाला दिसायचंही नाही. अगदी बारीक अक्षरात, मऊ दोऱ्यानं.”

आक्कांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“दोरा कितीही मऊ घे, पोरी... नाव टोचतंच.”