दोन आवाजांची भाडेकरू

"वरच्या यामिनीकडे रोज सकाळी बाप्याचा आवाज येतो, आणि मग..." जिन्यात मी एवढंच ऐकलं. पुढचं मनानेच जोडून सोसायटीच्या अध्यक्षांना, खानोलकरांना, सांगून आले.

ते तिच्या दारात गरजले, "करार एकटीचा आणि घरात आवाज दोन? त्याला बाहेर काढ, नाहीतर खोली सोड!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हो साहेब, आलोच साहेब," खानोलकर अगदी बारीक, मऊ आवाजात म्हणाले.

यामिनी म्हणाली, "काका, आवाज तर तुमचेही दोन निघाले. तुमच्यातल्या कुणाला बाहेर काढायचं?"

खानोलकर जिना उतरले.

मागाहून मला कळलं, यामिनीला जन्माने मिळालेला आवाज बाप्याचा. रोज सराव करून ती स्वतःचा, बाईचा, घडवत होती. आवाज दोन होते हे खरं, माणूस एकच. आता ती खिडकी लावून सराव करते. मी दिसले, तर कुठल्याच आवाजात 'काकू' म्हणत नाही.