म्हाळसाची चार बोटं

ही गोष्ट बाहेरच्या माणसांना सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. पण उंबरसांगवीच्या कापडपेठेत आलेला प्रत्येक पाहुणा तेच विचारतो, म्हणून सांगते. आमच्याकडे दुकानदार कापडावर मापाचा लोखंडी गज ठेवतो, गजाच्या टोकाला डाव्या हाताची चार बोटं आडवी टेकवतो आणि बोटांच्या पलीकडे कात्री लावतो. त्या चार बोटांचे पैसे कुणी घेत नाही.

फार पूर्वी पेठेत दोनच दुकानं होती म्हणे, समोरासमोर. एक म्हाळसाचं, दुसरं तिच्या दिराचं, हैबतीचं. नवरा वारल्यावर म्हाळसा स्वतः फळीमागे बसू लागली, ते हैबतीला खपलं नाही. त्याने पंच गोळा केले. पंच म्हणाले, या लगीनसराईत दुकान चालवून दाखव. चाललं तर तुझं, नाही तर दिराला दे आणि त्याच्या घरी भाकऱ्या थाप.

दुसऱ्याच दिवशी हैबतीने भाव पाडले. दहा आण्यांचं लुगडं आठवर आणलं, मग सहावर. दारात हलगी लावली.

"वहिनी, गिऱ्हाईक नसलं की झोप बरी लागत असेल," तो रस्त्यापलीकडून म्हणायचा.

"लागते की भावजी. तुमची हलगी मधे मधे उठवते, एवढंच."

आतून मात्र ती धास्तावली होती. कोष्ट्यांची मजुरी देऊन सहा आण्यांत लुगडं विकणं शक्यच नव्हतं. तिने समोर नीट बघितलं. हैबती कापड ताणून मोजत होता. ते घरी नेईपर्यंत आखडायचं आणि चोळी काखेत उसवायची. म्हाळसाने भाव तोच ठेवला आणि गजापुढे चार बोटं सैल कापड द्यायला लागली. बायकांना ते शिवायला बसल्यावर कळलं. आठ दिवसांत गर्दी रस्ता ओलांडून आली.

मग हैबतीची माणसं आली. तिच्या दारातल्या बायकांना त्यांनी झिंज्या धरून रस्त्यावर ओढलं. कोष्ट्यांच्या आळीत माग मोडले, एका म्हाताऱ्या कोष्ट्याचा गुडघा फोडला. तिच्या गठ्ठ्यांना आग लावली. म्हाळसाने जळके काठ कापून टाकले आणि उरलेलं विकायला मांडलं.

लगीनसराईचा शेवटचा बाजार होता. ठकी नावाच्या मुलीचं चोळीचं कापड म्हाळसा मोजत होती, बोटं टेकवलेली होती. हैबती स्वतः आला.

"किती म्हणायची ही?"

"चार, भावजी."

"माझ्या धंद्याला फार होतात."

त्याने तिचं मनगट फळीवर दाबलं आणि तिचीच कात्री चालवली. हाडाचा आवाज ऐकून समोरच्या हलगीवाल्याचे हात थांबले, असं सांगतात. कात्री आणि चार बोटं कापडावर पडली. म्हाळसाला भोवळ येत होती. पण ठकीचं कापड अजून कापायचं होतं, आणि आज गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर पंच तेवढंच लक्षात ठेवतील, हे तिला कळत होतं.

"थांब गं, तुझं राहिलंय," ती म्हणाली.

रक्ताचे ओघळ गजाच्या टोकापासून पुढे गेले आणि बरोबर चार बोटांवर थांबले म्हणे. तिथेच तिने उजव्या हाताने कापड कापलं.

ठकीने ते घेतलं, बाजूला ठेवलं आणि फळीवरचा गज उचलला. पहिला घाव तिचा. मग रस्त्यावर ओढल्या गेलेल्या सगळ्या धावल्या, हैबतीच्याच दुकानातले गज घेऊन. तो आपल्या पायरीपर्यंत पोचला, पण पायरी चढला नाही. पायरीवर त्याचं डोकं कुठलं हे ओळखू येत नव्हतं. पाटलाने विचारलं, कुणी मारलं? प्रत्येक बाई म्हणाली, मी.

त्याच संध्याकाळी पंचांनी दुकान म्हाळसाचं ठरवलं. कुणी हरकत घेतली नाही. पुढे पेठेत नवी दुकानं आली, तीही न सांगता चार बोटं द्यायला लागली. मोठी माणसं याला श्रद्धा म्हणतात. आजही एखादा नवखा दुकानदार बोटं टेकवायला विसरला, तर आमच्याकडच्या बायका भांडत नाहीत. त्या नुसता हात पुढे करून फळीवरचा गज उचलतात, आणि तो दुकानदार लगेच...

आई हाक मारतेय. आले गं.