आज उतरायचं नाही

“...पण सर, हात तेच आहेत, विमान तेच आहे. मग लँडिंगच का बिघडतं?”

काझी सरांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि शलाकाच्या दिशेने धरला. अंदाजानेच धरला, कारण मधुमेहाने त्यांची नजर निम्म्याहून जास्त नेली होती. त्यापायी आठ वर्षांपूर्वी लायसन्सही गेलं. तरी रोज सकाळी ते कृष्णाकाठच्या त्या लहानशा फ्लाइंग क्लबवर येत, हँगरच्या सावलीत खुर्ची टाकत आणि शिकाऊ मुलांची विमानं उतरताना ऐकत बसत.

शलाका नाडगौडाला याच माणसाने बारा वर्षांपूर्वी उडायला शिकवलं होतं. आता ती मोठ्या प्रवासी विमानावर सहवैमानिक होती, कॅप्टन होण्याचं प्रशिक्षण घेत होती. लँडिंग कसं असावं, तर शलाकासारखं, असं तिच्या बरोबरीचे म्हणत. ते तिच्या कानावर आलेलं होतं, आणि तिला ते आवडतही होतं.

“किती दिवस झाले?” सरांनी विचारलं.

“दीड महिना.”

“त्याच्या आधी काय घडलं?”

“काही नाही. उलट...” ती थांबली. “उलट एक लँडिंग असं झालं होतं सर, की चाकं कधी टेकली ते मलाही कळलं नाही. मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन म्हणाले, आता पुन्हा करून दाखव.”

“मग?”

“तेव्हापासून तेच करतेय.”

समोर एक शिकाऊ विमान धपकन उतरलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि वाकडंतिकडं पळत गेलं. सर गालातल्या गालात हसले. शलाकाने मान दुसरीकडे वळवली.

करायचं ते सगळं तिने करून पाहिलं होतं. सिम्युलेटरवर जादा तास घालवले. प्रत्येक लँडिंगला स्वतःच दहापैकी गुण देऊन वहीत लिहिले. जितकं लक्ष घालावं, तितकं विमान जास्त जोरात आपटे.

“परवा विमानात एक आजी होत्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, व्हीलचेअरवर. मी विमान असं आदळलं, की सामानाचे दोन कप्पे उघडले. लोक उतरताना मी दाराशी उभी होते. आजींनी माझा हात धरला आणि विचारलं, खड्डा होता का गं बाळ?”

“तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले. खड्डा होता, आजी.”

हे तिने घरीदारी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिला वर बघवेना.

“चहा खाली ठेव,” सर म्हणाले. “सांडतोय.”

“तुम्हाला दिसलं?”

“ऐकू आलं.”

तिने झाकण खाली ठेवलं. मग बॅगेकडे बोट करून म्हणाली, “कॅप्टनचं प्रशिक्षण नको, असं पत्र लिहिलंय. सोमवारी देणार आहे. माझ्यामागे दीडशे माणसं बसलेली असतात, सर.”

“सोमवार लांब आहे. ढेबेला हाक मार.”

ढेबे क्लबचा सध्याचा इन्स्ट्रक्टर. सरांचाच विद्यार्थी, शलाकाच्या नंतरचा. त्याने चार जणांचं विमान बाहेर काढलं. डाव्या बाजूला शलाका बसली, उजवीकडे ढेबे. सरांना दोघांनी मिळून मागच्या सीटवर चढवलं. पट्टा त्यांचा त्यांनी लावला, बोटांनी चाचपून.

विमान वर गेलं, एक फेरी घेऊन धावपट्टीच्या तोंडाशी आलं. शलाकाचा डावा हात दांड्यावर आवळला गेला.

हेडफोनमध्ये सरांचा आवाज आला. “आज उतरायचं नाही.”

“म्हणजे?”

“पट्टीच्या वर माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर विमान धर आणि असंच पुढे ने. चाकं टेकवायची नाहीत. टोक जवळ आलं, की वर.”

शलाकाला ते लागलं. हा तर नवख्या पोरांचा सराव. सात हजार तास उडालेल्या माणसाला सर हे सांगत होते. पण सरांना उलट बोलायची सवय तिला कधीच नव्हती.

पहिल्या खेपेला विमान डोक्याएवढ्या उंचीवरूनच गेलं. दुसऱ्या खेपेला खाली आलं, पण वरखाली होत राहिलं. ढेबेचा हात दोनदा पुढे आला आणि मागे गेला.

तिसऱ्या खेपेला सरांनी विचारलं, “कारखान्याचं धुराडं दिसतं का गं?”

साखर कारखाना धावपट्टीच्या नाकासमोर होता, पलीकडच्या टोकाला, उसाच्या मागे.

“आहे ना, सर.”

“आहे ते मलाही माहीत आहे. दिसतं का?”

तिने नजर उचलली. उचलली तेव्हाच तिला कळलं, की इतका वेळ ती खाली, नाकापुढच्या डांबरात रुतलेली होती.

“दिसतंय.”

“धूर येतोय?”

“येतोय.”

“कुठं चाललाय?”

“आधी सरळ वर... मग नदीकडे वळलाय.” विमान तिच्या हातात शांत झालं होतं. ते तिच्या लक्षातही आलं नाही. टोक आलं, तिने विमान वर घेतलं.

“मला तो बरीच वर्षं दिसलेला नाही,” सर म्हणाले. “आणखी एकदा जा. नीट बघून सांग. आणि ढेबे, ती सांगेल तोवर तू इंजिन हळूहळू कमी करत जा.” मग जरा थांबून, “शलाका, टेकवायचं मात्र नाही.”

चौथी खेप. विमान पट्टीवर आलं.

“खाली करडा आहे धूर,” शलाका सांगू लागली, “वर गेला की पांढरा होतो. मागे डोंगर दिसतोय. डोंगरावर पवनचक्क्या आहेत, सर. तुमच्या वेळी इतक्या नव्हत्या. एक, दोन... सहा फिरताहेत. तीन बंद आहेत.”

इंजिनाचा आवाज उतरत चालला होता. विमान खाली बसायला बघत होतं आणि ती त्याला अलगद धरून ठेवत होती. नाक जरासं वर, आणखी जरासं. टेकू नको, एवढंच ती मनात म्हणत होती, निजलेल्या लेकराला खांद्यावर घेऊन जिना चढावा तशी.

“त्या बंद तिन्ही एकाच रांगेत...”

ती बोलायची थांबली. खालून बारीक घरघर येत होती. चाकं जमिनीवर होती. कधीची होती, कोण जाणे.

“सॉरी सर,” ती घाईने म्हणाली, “टेकलं.”

ढेबेने ओठ आवळून बाहेर बघितलं.

“हं,” मागून आवाज आला. “ऐकलं.”

शलाकाचे डोळे भरून आले. दीड महिना जे हातातून निसटत होतं, ते आलं होतं आणि तिने त्याची माफी मागितली होती. तिने मनगटाने डोळे पुसले.

“आणखी एकदा, सर. आता समजलं मला.”

पाचव्या खेपेला तिने मुद्दाम नजर वर ठेवली. धुराड्याकडे बघितलं. चौथ्या खेपेला बघितलं होतं, तसंच बघितलं. आणि कान मात्र खाली लावून वाट बघत राहिली, की आता टेकतील चाकं, आता टेकतील...

विमान आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं. सरांची टोपी पुढे येऊन नाकावर बसली.

विमान थांबलं आणि शलाकाला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरता येईना असं. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. ढेबेही हसायला लागला. सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि दोघांचं हसून होईपर्यंत वाट बघितली.

खाली उतरल्यावर तिने सरांचा हात धरला. हँगरपर्यंतचं अंतर दोघं सावकाश चालू लागली. पत्राचं सरांनी विचारलं नाही. सोमवारी सकाळी जयपूरची फेरी आहे, पहाटे चारला उठायला लागेल, असं तिने आपणहून सांगितलं. सरांनी नुसती मान हलवली.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, “सर, एक विचारू? आपल्याला लँडिंग जमलं, हे तुम्हाला कधी कळलं?”

सर चालता चालता थांबले. खरंच आठवत असावेत...

“तीनदा कळलं, बेटा,” ते म्हणाले. “तिन्ही वेळा विमान दुरुस्तीला गेलं.”