पोरांच्या हातची भुतं

या, या, सावलीत या. अहो ताई, त्या लेकराला असं पुढं ढकलू नका हो! फोटो काय पळून चाललाय? आमच्या निंबार गावात लेकराला भुतापुढं ढकलायची रीत नाही.

मी इथला गुरव. या वेशीतल्या भवानीची पूजा आमच्या घराकडं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं की गावातली थोरली माणसं भुतं व्हायला कोऱ्या तोंडानं वेशीत येऊन बसतात. ते बघा, हेडमास्तर बसलेत, शेजारी गिरणीवाला, यंदा सरपंचांनाही हौस आलीय. घरून सजून यायची कुणाला मुभा नाही. पोरंच त्यांची तोंडं रंगवतात. पांढरी माती, गेरू, काजळी, हाताला लागेल ते फासतात. दुसऱ्या गावची भुतं अंधारातून अंगावर येतात, आमची दिवसाढवळ्या पोरांच्या डोळ्यांदेखत तयार होतात. का, ते म्हातारी माणसं सांगायची तसं सांगतो. खरंखोटं भवानी जाणे.

फार मागं, तटबंदी शाबूत होती तेव्हा, हैबती नावाचा एक बहुरूपी दरसाल आश्विनात इथं यायचा. सोंग घ्यावं तर त्यानंच. वाघाचं घेतलं की कुत्री शेपूट घालायची म्हणे. त्या साली त्यानं वेताळाचं सोंग आणलं. पोरं किंचाळत पळाली, माणसं हसली, आणि हसणारं माणूस दिसलं की सोंगाड्याच्या अंगात येतं, ते आलं. वेशीजवळ कुंभाराच्या मडक्यांच्या उतरंडीआड राही बसली होती. तानूबाई कुंभारणीची लेक, चार वर्षांची. हैबतीनं तिच्यापुढं उडी घेतली आणि सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली.

पोर रडली नाही, की हलली नाही. हैबतीला वाटलं, काय धीराची आहे! "शाब्बास गं वाघिणी!" म्हणाला. लोकांनी टाळ्या पिटल्या, सूप भरभरून जोंधळे घातले. सगळ्या गावाचे डोळे फुटले होते, दुसरं काय म्हणायचं?

दिवसभर चिवचिवणारी ती पोर त्यानंतर बोलेनाशी झाली. दृष्ट काढली, अंगारा लावला, वैद्य झाले. राहीच्या तोंडून हूं की चूं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हैबती रंगाची पेटी डोक्यावर घेऊन गाव सोडायला निघाला, तर तानूबाई वेशीत आडवी उभी.

"माझ्या लेकीचा आवाज घेऊन कुठं चाललास रे?"

असं सांगतात, की हैबतीनं पेटी खाली ठेवली ती ठेवलीच. भवानीच्या पायरीवर हात ठेवून बोलला, "पोर बोलेपर्यंत माझ्या तोंडाला रंग लागणार नाही. लागला तर माझीच वाचा जावो." आता बहुरूप्यानं रंग सोडायचा म्हणजे पोटावर पाय. पण तो राहिला. तानूबाईच्या अंगणात माती तुडवायला लागला. लोक टोचायचे, "काय हैबती, यंदा चिखलाचं सोंग वाटतं?" तो मान खाली घालून हसायचा. राही मात्र त्याला बघितलं की आईच्या पदराआड जायची. तोही तिच्याजवळ जायचा नाही. त्याच्या जिवाला तेच सगळ्यात लागायचं.

थंडी गेली, उन्हाळा गेला, पावसानं पेटीला बुरशी धरली. आश्विनाचं कडक ऊन पडलं तसं हैबतीनं रंगाच्या वाट्या अंगणात वाळत मांडल्या आणि दूर जाऊन टेकला. राही आली. वाटीत बोट घातलं, वास घेतला. वेताळाचं ते तोंड म्हणजे ही माती आणि ही काजळी, एवढंच होतं, ते तिचं तिनं बघितलं. मग उठली, आणि बोट तसंच पुढं धरून हैबतीकडं चालत आली.

आता आली का पंचाईत! तोंडाला रंग लागला तर शपथ मोडते, वाचा जाते. मागं सरकावं तर पोर भेदरते, पुन्हा कधी जवळ यायची नाही. हैबतीनं डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं. गेली माझी वाचा तर जाऊ दे, म्हणाला असेल मनात.

तिनं सावकाश रंगवलं. कपाळ पांढरं, गाल लाल, भिवया काळ्या. वर्षापूर्वीचा वेताळ तिच्या हातांनी पुन्हा उभा राहिला. राही दोन पावलं मागं सरली, त्याला नीट न्याहाळलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"ओरड की!"

तानूबाई हातातलं मडकं टाकून धावली. राही पुन्हा म्हणाली, "ओरड की रे!" हैबतीला कुठलं ओरडायला होतंय! ढसाढसा रडत होता बिचारा, रंग ओघळून छातीवर आला. शेवटी ओरडला म्हणे, मांजरानं म्याव करावं तसा, आणि पोर खदखदून हसली. शपथ मोडली, पण भवानी कोपली नाही. कोपेल कशाला? तीही आईच की.

आजही पोरानं "ओरड की" म्हटल्याशिवाय निंबारचं भूत तोंड उघडत नाही. मागल्या साली पाहुण्यांचं एक लेकरू आमच्या पोस्टमनला रंगवून त्याच्या मांडीवर चढून बसलं, ते म्हणेचना. बाकीची भुतं ओरडून, पोरांमागं धावून, दमून घरी गेली. पोस्टमन आपला गप्प. दिवे लागले तेव्हा लेकरू त्याच्या मांडीवर झोपलं होतं. त्या भुतानं त्याला अलगद उचललं, आईच्या खांद्यावर दिलं, आणि लेकरू जागं होऊ नये म्हणून ते भूत चपला हातात घेऊन घरी गेलं.